लाईट गेली की ऑनग्रीड सोलरही बंद पडतं, हे आधी समजून घ्या ताई

वाचकाचं पत्र (थोडं छोटं केलंय):

"नमस्कार. आम्ही चिपळूण तालुक्यात राहतो. घर जुनं, पुढचा भाग कौलारू आणि मागे २०१२ ला बांधलेला स्लॅबचा एक मजला. घरात मी, सासू-सासरे आणि दोन मुलं, मिस्टर मुंबईला असतात. सासूबाईंना फुफ्फुसाचा त्रास आहे, रात्री ऑक्सिजनचं मशीन लावावं लागतं. जूनमध्ये वादळी पावसात लाईनवर झाड पडलं आणि दोन रात्री लाईट नव्हती, शेजाऱ्यांच्या जनरेटरवर मशीन चालवलं. आता सोलर करायचं ठरवलंय. एक जण ५ किलोवॅट हायब्रिड आणि १० युनिटची लिथियम बॅटरी सांगतोय, साडेपाच लाख. दुसरा म्हणतो एवढं कशाला, ३ किलोवॅट ऑनग्रीड बसवा, १ लाख ९० हजार, सबसिडी मिळेल आणि लाईटचं टेन्शन कायमचं जाईल. मामंजी म्हणतात कोकणात पावसात सोलर चालतच नाही, पैसे पाण्यात. आमचं महिन्याचं सरासरी युनिट २१० आहे, मे मध्ये ३२० गेलं. बिल अजून आजेसासऱ्यांच्या नावावर येतं. काय करू?"

ताई, आधी त्या दुसऱ्या पार्टीचं बोलू, कारण त्याने तुम्हाला जे सांगितलं ते खरं धरून चाललात तर पुढच्या जूनमध्ये परत शेजाऱ्यांच्या दारात उभं राहावं लागेल. ऑनग्रीड म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं सोलर, आणि बॅटरी नसलेलं असं सोलर लाईट गेली की स्वतःहून बंद होतं. भर दुपारी १२ वाजता कडक ऊन असलं तरी बंद. बिघाड नाही तो, मुद्दाम तसं बनवलेलं असतं. विचार करा, झाड पडलं, वायरमनने डीपीवरचे फ्यूज काढले आणि तो खांबावर चढला, आणि त्याच वेळी तुमच्या गच्चीवरून वीज उलटी लाईनमध्ये जात राहिली तर? डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तो उलटाही चालतो, तुमच्या घरची २३० व्होल्ट पलीकडे ११,००० करून सोडेल. म्हणून महावितरणची लाईन मेली की इन्व्हर्टरने लगेच गप्प बसायचं असा नियमच आहे आणि तो बरोबर आहे. त्या माणसाला हे माहीत नसेल तर तो या धंद्यात नवीन आहे, आणि माहीत असून "टेन्शन जाईल" म्हणाला असेल तर मग काय बोलणार.

पण म्हणून पहिला, साडेपाच लाखवाला हायब्रिड (लाईनलाही जोडलेलं आणि सोबत बॅटरीही), बरोबर ठरतो असंही नाही. त्याने तुमच्या दोन वेगवेगळ्या गरजा एकाच गाठोड्यात बांधून दिल्यात. एक गरज आहे बिलाची, दुसरी आहे सासूबाईंच्या रात्रीची. पॅनल बिलासाठी असतात आणि बॅटरी रात्रीसाठी, आणि दोन्हीचा हिशोब वेगवेगळा करायचा, एकाचा आकडा दुसऱ्यात मिसळला की क्वोटेशन फुगतंच.

बिलाचं सोपं आहे. महिना २१० म्हणजे वर्षाला अडीच हजार युनिट. आपल्याकडे १ किलोवॅट पॅनल चांगल्या दिवशी ४ युनिटच्या आसपास देतात, उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात बरंच कमी, वर्षाचं धरलं तर किलोवॅटमागे बाराशेच्या पुढे मिळतात. म्हणजे निव्वळ बिलासाठी २ किलोवॅटमध्येही जवळजवळ भागतंय आणि ३ मध्ये आरामात. ५ किलोवॅटची तुम्हाला गरज नाही. जास्तीचे युनिट महावितरण विकत घेईल की, असं तो सांगेल. घेईल, पण कसं ते ऐका. नेट मीटरिंगमध्ये (लाईनकडून घेतलेले आणि लाईनला दिलेले युनिट एकमेकांत वळते करतात ते) या महिन्यात जास्त झालेले युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, पण ३१ मार्चला वर्षाचा हिशोब बंद होतो आणि तेव्हा जे शिल्लक असेल त्याचा दर तुम्ही बिलात भरता त्यापेक्षा खूपच कमी मिळतो. आता कोकणाचं वर्ष बघा, एप्रिल-मे मध्ये पॅनल जोरात चालतात पण घरात पंखेही जोरात, त्यामुळे शिल्लक थोडीच पडते, मग जून ते सप्टेंबर उत्पादन अर्ध्यावर किंवा त्याखाली, तेव्हा ती शिल्लक संपून बिल येणारच, आणि ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत छान ऊन, पंखे बंद, शिल्लक साठत जाते आणि नेमकी मार्चअखेर कवडीमोलाने निघून जाते. म्हणून मोठी सिस्टीम घेतली की पावसाळ्यातलं बिलही झिरो होईल हे कोकणात तरी होत नाही. झिरो बिल हा शब्द जाहिरातीतच बरा, कारण स्थिर आकार तर तसाही भरावा लागतोच, पंखासुद्धा लावला नाही तरी.

तरी मी ३ किलोवॅट म्हणेन, २ नाही. कारण सबसिडी. पीएम सूर्यघर योजनेत (२०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली) पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात, म्हणजे ३ ला एकूण ७८,०००, आणि त्यापुढे कितीही लावा ५ लावा १० लावा, ७८,००० च. साडेपाच लाखवाल्याने हे सांगितलं का बघा. शिवाय लाईट नसलेल्या पावसाळी दिवशी जो काही उजेड आहे त्यातून बॅटरी भरायला तिसरा किलोवॅट उपयोगी पडतो. पैशाची अडचण असेल तर ३ किलोवॅटपर्यंत सरकारी बँका तारण न घेता २ लाखांपर्यंत कर्ज देतात, व्याज साध्या पर्सनल लोनपेक्षा बरंच कमी.

मामंजींचं म्हणाल तर ते अर्धे बरोबर आहेत, आणि जो अर्धा भाग बरोबर आहे तोच महत्त्वाचा आहे. पावसात सोलर चालतच नाही असं नाही, ढगातून येणाऱ्या उजेडावर पण चालतं, पण धो धो पावसाच्या दिवशी तुमचं ३ किलोवॅट पूर्ण दिवसात दोन-तीन युनिट देईल, जिथे मार्च-एप्रिलमध्ये बारा-तेरा देतं. आणि कोकणात लाईट जाते कधी? वादळात, झाड पडल्यावर, आभाळ काळं असतानाच. म्हणजे ज्या दिवशी बॅटरी लागते त्याच दिवशी पॅनल हात आखडतात. त्यामुळे "सोलरवर चार्ज होणारी बॅटरी" हे चित्र तुमच्याकडे पावसाळ्यात फारसं खरं नाही, तुमची बॅटरी पावसाळ्यात मुख्यतः महावितरणच्याच लाईटवर, लाईट असताना भरून ठेवायची आहे आणि सोलरने जे मिळेल ते वरचं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

आता बॅटरी किती? तर आधी मशीन बघा. सासूबाईंच्या कॉन्सन्ट्रेटरच्या मागे किंवा खाली एक स्टिकर असतो, त्यावर वॅट लिहिलेले असतात. पाच लिटरचं मशीन साधारण ३०० ते ३५० वॅट खातं. स्टिकर पुसला असेल तर प्लगमध्ये लावायचा छोटा एनर्जी मीटर मिळतो, हजारच्या आत, तो लावून एक रात्र मशीन चालवा, सकाळी युनिटचा आकडा समोर येईल, आणि हा मीटर नंतर फ्रिजला लावा, टीव्हीला लावा, मुलांनाच सांगा ते आवडीने करतील. समजा ३५० वॅट, आठ तास, म्हणजे २.८ युनिट. त्यात दोन पंखे. साधा पंखा ७५ वॅट खातो आणि बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास, रात्रभरात दोन पंख्यांमागे पाऊण युनिटचा फरक पडतो, सोलर करा न करा पण बेडरूमचे पंखे बदलाच. चार-पाच एलईडी, वायफायचा राऊटर, यांचं मिळून पाव-अर्धा युनिट. फ्रिज रात्रीपुरता अर्धा युनिट. सगळं मिळून रात्रीचे ४ ते साडेचार युनिट, इन्व्हर्टरमध्ये थोडं जातं आणि बॅटरी पूर्ण शून्यावर न्यायची नसते ते धरून ५ युनिटची लिथियम बॅटरी, बाजारात ५१.२ व्होल्ट १०० एएच म्हणून मिळते ती, एका रात्रीला पुरते. काठोकाठ पुरते, पण पुरते, आणि लाईट गेल्यावर फ्रिज रात्री बंद ठेवला तर बऱ्यापैकी शिल्लकही राहते. घ्यायचीच तर अशी घ्या की पुढे तीच दुसरी बाजूला जोडता येईल, क्वोटेशनमध्ये तसं लिहून घ्या. १० युनिट आत्ताच घेण्याचं कारण मला दिसत नाही, कारण सलग दुसऱ्या रात्रीची सोय मी तुम्हाला वेगळी सांगणार आहे.

बोअरची मोटर बॅटरीवर टाकायची नाही. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये पण असणारच. १ एचपीची मोटर चालताना हजार वॅटच्या आसपास घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट, त्या एका झटक्यासाठी इन्व्हर्टर मोठा, बॅटरी मोठी, आणि बिलही मोठं, असं करत करत साडेपाच लाख होतात. लाईट असताना टाकी भरून ठेवायची. गिझर, इस्त्री, इंडक्शन, मिक्सर, ही मंडळीही बॅकअपच्या बाहेर.

लिथियम की साधी ट्युब्युलर (ॲसिडवाली) हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण कोणीतरी गावात नक्की सांगेल की अहो त्या लिथियमपेक्षा आपल्या साध्या बऱ्या. १५० एएच ची एक ट्युब्युलर म्हणजे कागदावर १.८ युनिट, पण ती निम्म्यापर्यंतच वापरली तर टिकते, म्हणजे हाताशी पाऊण-एक युनिट. तुमच्या रात्रीसाठी चार-पाच बॅटऱ्या लागतील, एकेक पन्नास-साठ किलोची, दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर, ॲसिडचा वास, आणि चार-पाच वर्षांनी सगळ्या बदला. पेशंटच्या घरात मी लिथियमच सांगेन (लिथियम फेरो फॉस्फेट, एलएफपी लिहिलेलं असतं, तीच घ्या). आणि हो, आत्ता घरात टीव्ही-पंख्यासाठी जुना इन्व्हर्टर असेल तर तो स्क्वेअर वेव्ह (लाईनसारखी गुळगुळीत नाही तर खडबडीत वीज देणारा) आहे का बघा, असेल तर त्यावर कॉन्सन्ट्रेटर लावू नका, आतल्या कॉम्प्रेसरची मोटर गुरगुरते, तापते, आणि मशीनच जातं.

आता हायब्रिड हवं का? स्वस्तातला रस्ता असा आहे की ३ किलोवॅट ऑनग्रीड बसवा आणि बाजूला वेगळा साधा प्युअर साईन वेव्ह (लाईनसारखी वीज देणारा) इन्व्हर्टर नि लिथियम बॅटरी, जी महावितरणवर चार्ज होईल. पुण्यात किंवा ठाण्यात, जिथे लाईट दोन-तीन तासांसाठी जाते, तिथे मी डोळे झाकून हेच सांगितलं असतं. तुमच्याकडे मात्र दोन-दोन दिवस जाते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावांत आठवडे लाईट नव्हती, आणि वादळ गेल्यावर ऊनही पडत होतं, पण ज्यांच्याकडे नुसतं ऑनग्रीड असेल त्यांना त्या उन्हाचा काडीचा उपयोग नाही. हायब्रिडमध्ये लाईट गेली की इन्व्हर्टर आतल्या आत लाईनपासून तुटतो, घर वेगळं करतो आणि पॅनलवरून बॅटरी भरत राहतो. तुमच्यासाठी म्हणून हायब्रिड, पण ५ किलोवॅट पॅनल नाही, ३ किलोवॅट पॅनल आणि ५ युनिट बॅटरी. सबसिडी हायब्रिडलाही मिळते, फक्त बॅटरीचा एक रुपयाही त्यात धरत नाहीत, आणि पॅनल डीसीआर म्हणजे भारतात बनलेल्या सेलचे असावे लागतात. अंदाजे तीन-सव्वातीन लाखांत हे बसायला हवं, त्यातून ७८,००० परत. पॅनलचे पैसे बिलातून पाच-सहा वर्षांत निघतील. बॅटरीचे पैसे बिलातून कधीच निघत नाहीत, जो कोणी तसा तक्ता काढून दाखवतो त्याला चहा पाजून पाठवून द्या. बॅटरी तुम्ही सासूबाईंसाठी घेताय, तेवढं कारण पुरेसं आहे.

आणि इथे एक गोष्ट आहे जी बसवणारे सांगत नाहीत आणि जिच्यावर खरं तर सगळं अवलंबून आहे, ती म्हणजे इन्व्हर्टरचं सेटिंग. बहुतेक हायब्रिड बसवून देताना सेल्फ यूज मोडवर ठेवतात, म्हणजे संध्याकाळी ऊन गेलं की घर बॅटरीवर चालायला लागतं, बिल वाचावं म्हणून. मग रात्री ११ ला लाईट जाते आणि बघता तर बॅटरी २० टक्के. तुम्हाला नेट मीटर असणार, दिवसाचे युनिट रात्री वळते होतातच, मग बॅटरी रोज रिकामी करायची गरजच काय? बॅकअप मोड लावायला सांगा, आणि रिझर्व्ह म्हणून जे सेटिंग असतं ते जून ते सप्टेंबर १०० किंवा जेवढं जास्तीत जास्त ठेवता येईल तेवढं, आणि ग्रिड चार्जिंग, म्हणजे लाईनवरून बॅटरी भरणं, चालू. हे तुमच्यासमोर मोबाईल ॲपमध्ये करून दाखवल्याशिवाय शेवटचा चेक द्यायचा नाही. मग त्याच्यासमोर मेन स्विच पाडा आणि कॉन्सन्ट्रेटर चालू ठेवून बघा, लाईट गेली तरी मशीन न थांबता चालायला हवं, अलार्म वाजून परत सुरू होत असेल तर लाईनवरून बॅटरीवर जायला लागणारा वेळ जास्त आहे, तिथेच सांगा.

वायरिंगबद्दल. बॅकअपसाठी वेगळा छोटा डीबी (एमसीबीचा बॉक्स) लागेल, त्यात सासूबाईंची खोली, एक बेडरूम, स्वयंपाकघरातला लाईट, फ्रिजचा पॉईंट, राऊटर एवढंच घ्या. तुमचं घर जुनं आणि नंतर जोडलेलं आहे, अशा घरात वायरमनने न्यूट्रल जिथून जवळ पडला तिथून उचललेला असतो, फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा. आजवर चाललं ते चाललं, पण हायब्रिडचा बॅकअप वेगळा काढला की हीच गोष्ट त्रास देते, आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) सारखा पडतो किंवा लाईट गेल्यावर अर्ध्या खोल्या बंद राहतात आणि मग सोलरवाला म्हणतो तुमच्या वायरिंगचा प्रॉब्लेम आणि वायरमन म्हणतो सोलरचा. आधीच चांगल्या वायरमनकडून बॅकअपच्या खोल्यांचा न्यूट्रल वेगळा करून घ्या, एक-दोन दिवसांचं काम आहे.

बॅटरी-इन्व्हर्टर कुठे ठेवायचं? चिपळूणला हे मी सांगायला नको, २२ जुलै २०२१ तुमच्या लक्षात असेलच. वाशिष्ठीचं पाणी तुमच्या बाजूला पोचत नसेल तरी तळमजल्यावर नकोच, वरच्या मजल्यावर, हवेशीर भिंतीवर, झोपायच्या खोलीत नाही, जिन्याच्या वाटेत नाही. आणि कौलांखालच्या माळ्यावर तर अजिबात नाही, एप्रिलमध्ये तिथे भट्टी असते, लिथियमला उष्णता मानवत नाही.

पॅनल मागच्या स्लॅबवरच, कौलांवर नाही. एक पॅनल सव्वादोन मीटर लांब, १.१ मीटर रुंद, वजन २८ किलोच्या आसपास, असे सहा, मध्ये जायला-यायला जागा धरून अडीचशे-तीनशे चौरस फूट लागेल. तोंड दक्षिणेला. माड कुठे आहे ते बघा. माडाची सावली बारीक वाटते पण पॅनल एकामागे एक साखळीत जोडलेले असतात, एकावर सावली पडली की पूर्ण ओळ मंदावते, शिवाय नारळ पडला तर काच गेलीच. लगेच माड तोडायला निघू नका, आधी सकाळी ९ ते दुपारी ३ मध्ये सावली कुठवर येते ते खडूने गच्चीवर आखा, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो तेव्हा सावली लांब पडते, ते धरून पॅनल सरकवता आले तर माड वाचतो. स्ट्रक्चर रंग मारलेल्या लोखंडाचं नको, हॉट डिप गॅल्व्हनाईज्ड (जस्ताचा थर दिलेलं) हवं आणि नट-बोल्ट स्टेनलेस, आपल्या हवेत रंगवलेलं लोखंड तीन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं. स्लॅबला भोकं पाडून वॉटरप्रूफिंग फोडू देऊ नका, वर काँक्रीटचे ब्लॉक ओतून त्यात पाय बसवता येतात, फक्त ते वाऱ्याच्या हिशोबाने जड असावेत. स्लॅबवर पावसाळी पत्र्याची शेड असेल तर मात्र त्या शेडचे खांब कोणी, कशासाठी, किती जाडीचे लावलेत ते बघितल्याशिवाय तिच्यावर पॅनल चढवू नका, तुमच्याकडची बरीच शेड फक्त पावसापुरती बांधलेली असते.

अर्थिंगचे तीन खड्डे असतात, एक डीसीचा (पॅनलकडचा), एक एसीचा (घराच्या लाईनकडचा), एक वीज पडण्यापासून वाचवणाऱ्या अरेस्टरचा. पैसे वाचवायला तीन वायरी एकाच खड्ड्यात सोडणारे लोक आहेत. तुमची जमीन जांभ्याची, त्यात अर्थिंग नीट लागत नाही, खड्डा खोल नि केमिकल अर्थिंग लागतं, आणि मीटर लावून रीडिंग ५ ओहमच्या आत आलेलं दाखवा म्हणा. कोरड्या दिवसांत मोजायचं, पावसात कुठलंही रीडिंग छान येतं.

आता खरी अडचण, जी तुम्ही पत्रात शेवटी एका ओळीत लिहिलीत. बिल आजेसासऱ्यांच्या नावावर. सबसिडी थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते, आणि ग्राहक म्हणजे ज्याच्या नावाने मीटर आहे तो. हयात नसलेल्या माणसाच्या नावाने अर्जच पुढे जात नाही. त्यामुळे आधी मीटर मामंजींच्या किंवा मिस्टरांच्या नावावर करून घ्या, महावितरणच्या साईटवर नावबदलाचा अर्ज आहे, पण घर सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतिपत्र मागतात. आणि कोकणातले हिस्सेदार म्हणजे एक डोंबिवलीला, एक बडोद्याला, एक बोलत नाही. सोलर बसायला चार दिवस, सह्या गोळा करायला किती ते तुम्हीच जाणता. माझं ऐका, गणपतीला सगळे येतील, मजकूर आत्ताच टाईप करून ठेवा, आरती झाली प्रसाद झाला की सह्या घेऊन टाका, ज्यांचं एकमेकांत पटत नाही ते पण गणपतीत सही करून जातात. त्याच वेळी बिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते बघा, १ किलोवॅट असेल तर तो वाढवायला लागेल, तेही याच अर्जांबरोबर विचारून घ्या.

नाव बदललं की सूर्यघर योजनेच्या नॅशनल पोर्टलवर अर्ज, विक्रेता पोर्टलवर नोंदणी झालेलाच हवा, आणि तो ५ वर्षं देखभाल देणार हे योजनेतच आहे, वेगळे पैसे मागत असेल तर विचारा कशाचे. पॅनलचे सिरीयल नंबर, डीसीआरचं सर्टिफिकेट, इन्व्हर्टरचं मॉडेल, बॅटरीची वॉरंटी वर्षांत आणि सायकलमध्ये (किती वेळा भरून रिकामी करता येईल), हे सगळं क्वोटेशनवर, तोंडी नाही. आणि दहा-पंधरा टक्के रक्कम नेट मीटर लागून चालू होईपर्यंत हातात ठेवा, नाहीतर पॅनल बसतात, फोटो निघतात आणि नेट मीटरसाठी तुम्हीच सेक्शन ऑफिसच्या फेऱ्या मारत बसता. सप्टेंबर २०२५ पासून सोलर पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, जुन्याच दराने लावलेलं क्वोटेशन असेल तर परत करून मागा. काम ऑक्टोबर-नोव्हेंबरला काढा, स्लॅब सुकलेला असतो आणि पुढचा पूर्ण उन्हाळा हातात मिळतो.

राहिली ती दुसरी रात्र, जी मी बाजूला ठेवली होती. दोन दिवस लाईट नाही आणि आभाळ फाटलंय, अशा वेळी ५ काय १० युनिट बॅटरी पण शेवटी संपतेच. म्हणून ज्याच्या घरात असा पेशंट आहे त्याने फक्त विजेवर अवलंबून राहूच नये. डॉक्टरांना विचारून भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरात ठेवा, रेग्युलेटर आणि कॅन्युला जोडून तयार, किती लिटरवर लावायचा आणि तो किती तास पुरेल ते डॉक्टरांकडूनच कागदावर लिहून घेऊन सिलिंडरलाच चिकटवा. देवघरात दिवा असतो, गॅस असतो, त्या बाजूला ठेवू नका. आणि मोठ्या मुलाला तो उघडायला शिकवा, कारण त्या रात्री तुम्ही घरात असालच असं नाही. हे सोलरसाठी थांबायचं काम नाही ताई, पाऊस अजून बाकी आहे, या आठवड्यातच उरकून घ्या. जनरेटरवाल्या शेजाऱ्यांनाही विचारून ठेवा की परत वेळ आली तर चालेल ना, आणि या खेपेला पेट्रोलचा एक कॅन तुमच्याकडून.